मगरीसाठी एक ओळ

बोर्ड मुंद्रा बंदरात अडकला होता.
कस्टमवाल्यांना कागदावर
एक शिक्का जास्तीचा हवा होता.
तोवर मकरपुऱ्यात, पत्र्याच्या शेडच्या वरच्या मजल्यावर
मी नसलेल्या चिपसाठी ड्रायव्हर लिहीत होते.

नसलेली म्हणजे, पत्ता होता :
चाराच्या मागे सात शून्यं.
घरात कुणी राहत नव्हतं, एवढंच.
म्हणून तिथे मी एक सोंग बसवलं,
चारशे ओळींचा बहुरूपी.
ड्रायव्हर दार वाजवायचा : तयार आहेस?
आतून आवाज : तयार.
पाणी किती?
बारा फूट.
त्याला कुठे कळणार
आतूनही मीच बोलतेय.

काम तसं साधं. काला घोड्याच्या पुलाला
खाली तोंड करून सेन्सर टांगायचा,
त्याने विश्वामित्रीच्या अंगावर आवाज टाकायचा
आणि तो परत यायची वेळ मोजायची.
लवकर परतला, तर नदी वर आलीय.

माझी नदी एका फाइलीत होती.
दर ओळीला एक आकडा.
एंटर दाबला की चढायची,
चहा घेऊन येईपर्यंत ओसरायची.
एका मंगळवारी तिला मी एकोणीस वेळा पूर आणला.
कुणाच्या घरात पाणी शिरलं नाही,
गच्चीवरून कुणी दुधाच्या पिशवीसाठी
दोरी सोडली नाही.

परिमलभाई मागे उभे राहून म्हणाले,
"बेन, आ तो बधुं हवामां."

हवेत तर हवेत.
नदीला ज्याचं नाव आहे
त्यानेही रागाच्या भरात हवेतच मांडलं होतं
दुसरं आकाश, वेगळे तारे.
फक्त त्याला कुणी
डिलिव्हरीची तारीख विचारली नव्हती.
आणि त्याचाही माणूस मधेच लटकला,
जसा माझा ड्रायव्हर लटकायचा
एक बिट खाली पडायची वाट बघत,
उलटा, रात्रभर.

मग मी सोंगाला त्रास द्यायला शिकवलं.
उशिरा उत्तर दे. अर्धंच दे.
दोनदा दे.
देऊच नकोस.
दांडिया बाजारात आई शिकवण्या घ्यायची तेव्हा
मधेच एक न सुटणारं गणित घालायची.
तिला उत्तर नको असायचं,
"बाई, हे चुकलंय" असं कोण म्हणतं ते बघायचं असायचं.

त्रेचाळिसाव्या दिवशी बोर्ड आला.
हिरवा, तळहाताएवढा, थर्माकोलात निजलेला.
वीज दिली. पत्त्यावर कुणीतरी
राहायला आलं होतं.
ड्रायव्हर तोच, अक्षर न बदललेला.
त्याने विचारलं. उत्तर आलं.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या
आणि मला का कोण जाणे
जरा एकटं वाटलं.

तीन रात्री नदी शहाण्यासारखी वागली.
चौथ्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
पाणी एकदम दीड फूट चढलं,
चाळीस मिनिटं तिथेच थांबलं,
एकदम उतरलं.
पाऊस नाही. आजव्याचे दरवाजे बंद.
मी ड्रायव्हर तपासला, वायर तपासली,
स्वतःची शुद्ध तपासली.

पाचव्या रात्री जिगीषा आणि मी
टॉर्च घेऊन कठड्यावरून वाकलो.
सेन्सरच्या बरोबर खाली, काठच्या उथळ पाण्यात
एक खडबडीत पाठ
आणि दोन निखारे, न हलणारे.

बारा तऱ्हेचे पूर लिहिले होते मी,
ओली वायर, तुटलेली वायर, कोळ्याचं जाळं,
आपल्याच प्रतिध्वनीला दचकणारा सेन्सर.
मकरपुऱ्यात बसून,
वस्तीच्या नावातच मकर असताना,
मगर सुचली नव्हती.

आता फाइलीत तिच्यासाठी एक ओळ आहे :
दीड फूट, चाळीस मिनिटं, मग काही नाही.
तिला दात नाहीत, पाठ नाही.
बोलावली की येते, सांगितलं की जाते.
खरी त्यानंतर आलेली नाही.
रोज सकाळी आधी मी
दोन दहाची नोंद उघडते.